हाडं, मोटारी आणि खांबेटे

खांबेटे मला पहिल्यांदा भेटले ते लिफ्टमध्ये. नमस्कार नाही, चमत्कार नाही. माझ्या पायांकडे बघत म्हणाले, "उजव्या गुडघ्याचं बेअरिंग गेलंय तुमचं. वंगण संपलं. आवाज येतोय."

मी तेव्हा धायरीच्या या सोसायटीत नुकतीच राहायला आले होते. टेलिफोन खात्यात जन्म काढलेली बाई मी. लोकांचं नाही नाही ते ऐकून घ्यायची कानांना सवय. पण स्वतःच्या गुडघ्याबद्दल परक्या माणसाकडून लिफ्टमध्ये ऐकायची वेळ पहिलीच. म्हटलं, "आणि तुमच्या जिभेचं बेअरिंग?"

हा गृहस्थ रागावला नाही की हसला नाही. नीट विचार करून म्हणाला, "जिभेला बेअरिंग नसतं. तो स्नायू आहे, म्हणजे मोटार. माझी जरा जास्त स्पीडला सेट झालीय, हे खरं." आणि तिसऱ्या मजल्यावर उतरून माझ्या शेजारच्याच दारात शिरला.

खांबेट्यांची सगळी नोकरी चाकणला मोटारींच्या कारखान्यात गेली. तिथे गाड्यांचे पत्रे जोडणारे रोबो होते. नुसते हातच म्हणा ना, जमिनीत रोवलेले, पुरुषभर उंचीचे. त्यांची दुखणीखुपणी निस्तरणं हे खांबेट्यांचं काम. रिटायर झाल्यावर रोबो सुटले, पण खोड सुटली नाही. मग आम्ही सापडलो. त्यांच्या मते माणूस म्हणजे एक रोबोच, फक्त देखभालीच्या बाबतीत अत्यंत दुर्दैवी. दूधवाल्याला कमी ऐकू येतं? "सेन्सरवर धूळ बसलीय." जिना चढून कुणी धापा टाकतं? "पॉवर सप्लाय कमी पडतोय." माझी एक मैत्रीण तीच गोष्ट तीन-तीनदा सांगते. तिच्या तोंडावर म्हणाले, "कंट्रोलर अडकलाय. एकदा बंद करून चालू करायला हवा." ती बाई अजून माझ्याकडे येताना आधी फोन करून विचारते, ते शेजारचे घरात नाहीत ना म्हणून.

एका वर्षी गणपतीत मुलांसमोर त्यांचं भाषण ठेवलं. हा आगाऊपणा माझा. विषय, रोबो आणि माणूस. खांबेट्यांनी तक्ता आणला नाही, चित्रं आणली नाहीत. आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींना स्टेजवर बोलावलं, दोन्ही हात पसरून उभं केलं आणि पट्टी घेऊन सुरुवात केली.

"ही हाडं. रोबोची पोलादाची असतात म्हणून वाकत नाहीत, ही बघा कशी वाकलीत. हे सांधे. खांद्यातून हात फिरवा. फिरत नाही, बघितलंत? हे स्नायू, म्हणजे मोटारी. डोळे, कान, कातडी हे सेन्सर, बाहेर काय चाललंय ते आत कळवतात. आत म्हणजे इथे, डोक्यात. हा कंट्रोलर. हुकूम इथून सुटतात. आणि हुकूम पोचवतं ते वायरिंग, म्हणजे आपले मज्जातंतू." मग पट्टी सेक्रेटरींच्या पोटावर टेकवून म्हणाले, "हा पॉवर सप्लाय. कामाच्या मानानं फारच मोठा बसवलाय."

पोरं हसून गडाबडा लोळली. सेक्रेटरी पुढे बरेच दिवस खांबेट्यांशी बोलले नाहीत.

शेवटी एका मुलीनं विचारलं, "आजोबा, माणसात असतं आणि रोबोत नसतं, असं काय?" आम्ही बायका मन, माया, प्रेम असलं काहीतरी ऐकायला सरसावून बसलो. खांबेटे म्हणाले, "नातेवाईक." आणि खाली बसले.

सगळ्यात जास्त हसल्या त्या त्यांच्या बायको, सुमनताई. तोंडाला पदर लावून हसायच्या त्या. चणीनं एवढ्याशा, बोलायला हळू. नवऱ्याच्या दोन वाक्यांमध्ये जेवढी फट सापडेल तेवढ्यातच बोलायची सवय झालेली. मूलबाळ नव्हतं. दोघंच. मी एकदा त्यांना म्हटलं, "अहो, कशा राहता तुम्ही या माणसाबरोबर?" तर म्हणाल्या, "माणसांशी काय बोलायचं ते त्यांना कळत नाही हो. म्हणून ते स्पेअर पार्टबद्दल बोलतात. तुमचा गुडघा दुखतो का, असं विचारायचं होतं त्यांना."

हे मला इतकी वर्षं सुचलं नव्हतं.

सुमनताईंच्या पोळ्या म्हणजे आमच्या बिल्डिंगची शान. पापुद्रे सुटलेल्या, अशा मऊ की दात नसलेल्यानंही खाव्यात. खांबेटे तोंडानं कधी कौतुक करायचे नाहीत. फक्त एक आणखी मागायचे.

गेल्या उन्हाळ्यात ओट्याशी पोळ्या करतानाच सुमनताई कोसळल्या. अर्धांगाचा झटका. तवा तसाच जळत राहिला, त्या वासानं मी धावत गेले. हॉस्पिटलातून घरी आल्या तेव्हा उजवा हात लुळा पडला होता, उजवा पाय ओढत चालायच्या, आणि वाचा गेली होती. एकच शब्द उरला होता. "बरं." पाणी हवं, बरं. पाणी नको, बरं. खिडकी लाव, बरं. लिहून दाखवायलाही जमेना. डॉक्टर म्हणाले, कळतं सगळं, पण शब्दच सापडत नाहीत.

भेटायला येणारी माणसं त्यांच्या समोर बसून त्यांच्याबद्दल बोलायची. "कळतं का हो यांना काही?" "असं जगण्यापेक्षा..." खांबेटे भडकायचे. "सेन्सर चालू आहेत. कंट्रोलर चालू आहे. आउटपुट बंद आहे फक्त. आउटपुट बंद म्हणजे मशीन बंद नव्हे! काय विचारायचं ते तिला विचारा. मी इथे उत्तरं द्यायला बसलेलो नाही." माणसं चहा न घेता उठायची. मग सोसायटीत कुजबुज, खांबेटे बायकोला मशीन म्हणतात. मीही त्यात होतेच, खोटं कशाला बोलू? पण एवढं मी डोळ्यांनी बघत होते, की सुमनताईंच्या डोळ्यांत बघून, वाक्य पुरं करून, उत्तराची वाट बघत बोलणारा तो एकच माणूस होता. "बरं" आलं की मान हलवायचा. म्हणायचा, "शब्द एकच आहे, पण दरवेळी व्होल्टेज वेगळं असतं. नीट ऐकलं की कळतं."

पोळीभाजी केंद्रातून पोळ्या यायला लागल्या. सुमनताई त्यातली एक उचलायच्या, चेहऱ्याजवळ धरून बघायच्या, बाजूला ठेवायच्या आणि भात खायच्या. रोज. खांबेट्यांनी ते बघितलं आणि त्यांच्या डोक्यानं घेतलं. हिनं पुन्हा पोळी लाटायची. पोळी आली की बाकीचं सगळं येईल. मुदत दिवाळीची.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या दारात उभे.

"देवधरबाई, रोबोला काम कसं शिकवतात माहितीय? त्याचा हात धरायचा आणि ते काम त्याच्याकडून करून घ्यायचं. सावकाश. तो हालचाल लक्षात ठेवतो. पाटीवर श्री गिरवून घेतात ना, अगदी तसं. सुमनच्या हातात पोळीचा प्रोग्रॅम होता, तो उडाला. आणि बॅकअप माझ्याकडे नाही. मी जन्मात लाटणं धरलेलं नाही. तुम्ही मला शिकवा. मी तिच्या हाताला शिकवतो."

आता याला काय म्हणणार? घेतलं आत.

खांबेट्यांना पोळी शिकवणं हा मला या जन्मी झालेला सगळ्यात मोठा ताप. मी लाटते आहे आणि हे हनुवटीला हात लावून पोळपाटावर वाकलेले. "थांबा. ती फिरली कशी? तुम्ही तर पोळीला हात लावला नाहीत."

"आपोआप फिरते ती."

"आपोआप काही होत नसतं. एका मनगटानं जास्त दाब दिलाय तुम्ही. कुठल्या?"

मला काय माहीत कुठल्या! लग्नाआधीपासून पोळ्या लाटतेय मी, मनगटाला कधी विचारलं नाही. आणि त्यांनी विचारल्यावर माझं जे लक्ष मनगटांकडे गेलं ते जाईचना. आठवडाभर माझ्या पोळ्या वातड झाल्या. खांबेट्यांची पहिली पोळी नकाशासारखी आली असं सांगायलाही जागा नाही, कारण ती आलीच नाही. पोळपाटालाच राहिली. दुसऱ्यांदा इतकं पीठ लावलं की ओटा, चष्मा आणि माझं मांजर पांढरं झालं. पण माणूस चिवट. श्रावण लागेपर्यंत बऱ्यापैकी गोल पोळी लाटायला लागले. मग रोज दुपारचा चहा झाला की सुमनताईंच्या मागे उभं राहायचं, त्यांचा लुळा उजवा हात आपल्या हातात घेऊन लाटण्यावर ठेवायचा आणि सुरू. "पुढे. मागे. आता दाब. सुटलं. काही हरकत नाही, पुन्हा." हात काही धरायचा नाही. खांबेटे थकायचे नाहीत.

व्यायाम शिकवायला एक फिजिओथेरपिस्ट मुलगी यायची. ती बोलता बोलता म्हणाली, की काही पेशंटना चांगला हात थोडा वेळ बांधून ठेवायला सांगतात, म्हणजे दुखऱ्या हाताला काम करावंच लागतं. झालं! खांबेट्यांना हे मनोमन पटलं. "बरोबर आहे. बायपास चालू असला की मेन लाइनवर लोड येतच नाही." जुन्या टर्किश टॉवेलची पिशवी शिवली त्यांनी, नाडी ओवली आणि सुमनताईंचा डावा हात त्यात घालून मनगटाशी बांधला. मुलीनं सांगितलं होतं थोडा वेळ. यांनी ते सकाळच्या चहापासून निजेपर्यंत केलं. थोड्यानं थोडा फायदा होत असेल तर जास्तीनं जास्त होईल, हे खांबेट्यांचं गणित.

सुमनताईंना ती पिशवी आवडायची नाही. बांधताना हात मागे घ्यायच्या, डोळ्यांत पाणी यायचं. खांबेटे समजूत घालायचे, "थोडे दिवस, सुमन. तुझ्याचसाठी आहे ना हे?" मग त्या म्हणायच्या, "बरं."

भाद्रपदात एक दिवस खांबेट्यांना बँकेत केवायसीला जायचं होतं. "मी मीच आहे हे सिद्ध करून येतो," म्हणून मला सुमनताईंपाशी बसवून गेले. मावळातून माझ्या भावानं आंबेमोहोर तांदूळ पाठवला होता, त्यात खडे फार. मी ताट घेऊन निवडत बसले. सुमनताई बघत होत्या. पिशवीतला हात सारखा वळवळत होता. उकडत असेल म्हणून मी नाडी सोडली, पिशवी काढली. मला तरी काय माहीत!

हात मोकळा झाला तो सरळ माझ्या ताटात आला. बोटांच्या शेंड्यांनी तांदूळ पसरला, एक झरकन फराटा, खडा चिमटीत, बाजूला. पुन्हा फराटा. मी एक खडा शोधेपर्यंत त्यांचे चार झाले होते. मी माझा डावा हात घालून बघितला. माझ्या त्या हाताला चिमूट धड धरता येईना. हा शिकवलेला हात नव्हता. हा जन्मापासून हुशार असलेला हात होता.

"सुमनताई," मी म्हटलं, "तुम्ही डावऱ्या आहात?"

त्यांनी दाराकडे बघितलं. मग मान हलवली. आणि मग त्यांनी जे केलं ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. डाव्या हातानं आपला लुळा उजवा हात उचलला, वर नेला, सोडून दिला, आणि चटकन डावा हात त्याच्याखाली आणला. तो मेलेला हात फट्कन डाव्या मनगटावर पडला. पुन्हा उचलला. पुन्हा फट्कन.

मार खाल्ला होता त्या हातानं. डाव्या हातानं वाढायचं नाही, जेवायचं नाही, लिहायचं नाही, देवाला फूल वाहायचं नाही. आमच्या पिढीच्या घराघरात हे होतं. उजव्या हातानं सगळं करायला शिकल्या असणार त्या, मारून मुटकून. आणि पोळी तर दोन्ही हातांनी लाटतात, तिथे कोण बघतंय!

खांबेटे आले. तोंडाला कुलूप लावून बसणं मला जमत नाही. सांगितलं.

"शक्य नाही," ते म्हणाले. "एवढ्या वर्षांच्या संसारात मला दिसलं नसतं?" मग ताटाकडे लक्ष गेलं. सुमनताईंचा डावा हात थांबला नव्हता. खांबेटे बघत राहिले. त्यांच्या समोर उकिडवे बसले आणि विचारलं, "सुमन, लहानपणी मारलं कुणी? तुझ्या आईनं?"

"बरं."

"आणि इथे आल्यावर? माझ्या आईनं?"

सुमनताईंनी मान खाली घातली. अगदी हळू म्हणाल्या, "बरं."

"मी कुठे होतो तेव्हा?"

त्यांनी डाव्या हाताचं बोट जेवणाच्या टेबलाकडे केलं. तिथल्या खांबेट्यांच्या खुर्चीकडे.

तो माणूस रडला. हमसून हमसून रडला, माझ्यासमोर, कसलीही लाज न बाळगता. "मी तुझा चालता हात बांधून ठेवला गं," एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होता. "तू ओढून घेत होतीस आणि मी बांधत होतो." सुमनताईंनी तांदळाची भुकटी लागलेला तो हात त्यांच्या डोक्यावर ठेवला. मी ताट उचललं आणि घरी आले. मलाही रडायचं होतं, ते मी माझ्या स्वयंपाकघरात केलं.

त्यानंतर त्या घरात वेगळाच प्रकार सुरू झाला. पोळपाट टेबलावर आला. सुमनताई खुर्चीत, लाटण्याचं डावं टोक त्यांच्या हातात. त्यांच्या उजव्या अंगाला खांबेटे, लाटण्याचं दुसरं टोक यांच्या हातात. सुरुवातीला लाटणं होडीसारखं डुलायचं. खांबेटे जोर जास्त लावायचे, पोळी सगळी सुमनताईंच्या बाजूला पळायची, त्या लाटणं टेबलावर आपटून म्हणायच्या, "बरं!" आणि खांबेटे म्हणायचे, "हो, हो, चूक माझी." नवऱ्यावर खेकसायची संधी त्यांना आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच मिळत होती, आणि एकाच शब्दात त्या ती पुरेपूर वसूल करत होत्या. हळूहळू दोघांचा हात बसला. डावं टोक दाबायचं, उजवं सोडायचं, पोळी फिरायची. भाजायचं काम खांबेट्यांचं. दिवाळीला मला त्यांच्याकडे जेवायला बोलावलं. सुमनताईंनी पोळी वाढली, डाव्या हातानं. खांबेट्यांनी ताट पुढे केलं. एक खाल्ली आणि म्हणाले, "आणखी एक दे."

संक्रांतीच्या आधी दुसरा झटका आला. यावेळी हॉस्पिटलात पोचायलाही वेळ मिळाला नाही.

नातेवाईक आले, दिवस झाले, नातेवाईक गेले. खांबेटे लिफ्टमध्ये भेटायचे, पण कुणाच्या गुडघ्याबद्दल, कुणाच्या पोटाबद्दल बोलेनासे झाले. सेक्रेटरींनी आपण होऊन विचारलं, "काय खांबेटे, माझा पॉवर सप्लाय कसा आहे?" तर म्हणाले, "छान आहे हो. जपा." सेक्रेटरी माझ्याकडे येऊन म्हणाले, बाई, हे काही मला बरं लक्षण दिसत नाही.

केंद्रातल्या पोळ्या त्यांनी पुन्हा सुरू केल्या नाहीत. स्वतःच लाटतात असं कळलं. मी म्हटलं, चला, माझी शिकवणी फुकट गेली नाही. परवा भाजी द्यायला गेले तर दार उघडंच होतं. पोळपाट टेबलावर होता. खुर्ची रिकामी. तिच्या उजव्या अंगाला खांबेटे उभे, एका हातात लाटण्याचं एक टोक. दुसरा हात पाठीमागे. लाटणं एका अंगाला कलंडत होतं, कणीक नुसती घसरत होती. एक बाजू जाड, एक बाजू फाटलेली. ते पुन्हा गोळा करायचे, पुन्हा एका हातानं लाटायचे.

"अहो खांबेटे," मी म्हटलं, "हे काय चालवलंय? मी तुम्हाला दोन्ही हातांनी शिकवली होती की. धरा दोन्हीकडून."

त्यांनी वर बघितलं नाही. मोकळ्या टोकावर पीठ सांडलं होतं, ते हलकेच पुसलं.

"नको," ते म्हणाले. "ते टोक सुमनचं आहे."